शब्दाचा खटला

मराठीत ‘मारले’ या क्रियापदाचे दोन अर्थ होतात. मास्तरांनी मुलाला मारले, म्हणजे छडी दिली. वाघाने गाय मारली, म्हणजे गाय मेली. कोणता अर्थ केव्हा घ्यायचा हे मराठी घरातल्या लहान मुलालाही कळते. त्यासाठी त्याला कोश उघडावा लागत नाही. परंतु हाच शब्द खालच्या न्यायालयातून निघून अपिलाच्या कागदांबरोबर मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे चालू लागला, की वाटेत त्याला इंग्रजी अंगरखा घालावा लागतो. आणि दोन्ही अर्थ पोटात घेईल असा अंगरखा इंग्रजीजवळ नाही. तेव्हा दोहोंपैकी एक अर्थ कोणीतरी निवडतो. हा निवडणारा न्यायाधीश नसतो, वकीलही नसतो. तो पानामागे ठरलेले पैसे घेणारा भाषांतरकार असतो. चोवीस वर्षे हा धंदा मी केला आहे. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते ऐकीव नाही.

बांधावरून झालेल्या एका मारामारीत एक माणूस मेला. आरोपी तिघे, तिघांच्याही हातांत काठ्या. प्राणघातक घाव कोणाचा, एवढाच काय तो प्रश्न. एका म्हातारीची साक्ष होती. ती म्हणाली, “पहिल्यानं मारलं, मग दुसऱ्यानं मारलं, मग तिसऱ्यानं मारलं, आणि तो पडला.” तिन्ही वेळा शब्द एकच. माझ्या कच्च्या प्रतीत तिन्ही ठिकाणी मी ‘बीट’ असे लिहिले होते. टंकलिखित होऊन आलेल्या प्रतीत पहिल्या दोघांना ‘बीट’ राहिले आणि तिसऱ्याला ‘किल्ड’ झाले. कोणा तपासनिसाला तेच ते क्रियापद तीनदा वाचताना कंटाळा आला असेल, किंवा शेवटी माणूस पडला त्या अर्थी शेवटच्यानेच ठार केले असणार, असा तर्क त्याने बसल्या जागी केला असेल. बचावाच्या वकिलाने हट्टाने मूळ साक्ष काढून वाचली, म्हणून ते निभावले. त्याने ती वाचली नसती तर एक माणूस एका क्रियापदापायी जन्मठेपेवर गेला असता. आणि निकालपत्र वाचणाऱ्या कोणालाही त्यात खोट दिसली नसती. मला त्या रात्री झोप लागली नाही, ती या दुसऱ्या विचाराने.

‘भाषांतरात चुका व्हायच्याच’ असे म्हणून ही गोष्ट झटकून टाकणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी सांगतो की दुखणे त्याहून खोल आहे. कायद्यातल्या शब्दाला अर्थ कोश देत नाही, न्यायालय देते. आणि ते ज्या भाषेत विचार करते त्याच भाषेतल्या शब्दाला देते. आमच्याकडे साक्षीदार मराठीत बोलतो, आरोपी मराठीत रडतो, पोलीस मराठीत पंचनामा करतो. पण शब्दांचा अर्थ लावण्याची वेळ आली की दप्तर इंग्रजीत उघडते. मराठी शब्द न्यायालयात राबतो आणि अर्थाचा सातबारा इंग्रजीच्या नावे निघतो. ‘कसेल त्याची जमीन’ असा कायदा करणाऱ्या राज्यात भाषेच्या बाबतीत अजून खोतीच चालू आहे!

याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘राजद्रोह’. या एका शब्दाचा इतिहास मराठी माणसाइतका कोणाच्या अंगावर वळ उमटवून गेलेला नाही, आणि त्याच्या अर्थाबद्दल मराठी माणसाला आजवर कोणी काही विचारलेले नाही.

१८९७ सालच्या सप्टेंबरात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला. मजकूर ‘केसरी’तला, म्हणजे मराठी: शिवाजी उत्सवाचा वृत्तांत, अफझलखानाच्या वधाची चर्चा, शिवाजीच्या तोंडी घातलेले पद्य. न्यायमूर्ती स्ट्रॅची इंग्रज. ज्यूरीत नऊ माणसे. त्यांपैकी सहा युरोपियन. कायदा भारतीय दंडसंहितेचे १८७० साली घातलेले १२४-अ हे कलम. मौज अशी की ‘सेडिशन’ हा शब्द त्या कलमाच्या मजकुरात नव्हताच. तो होता समासातल्या मथळ्यात. मजकुरात गुन्ह्याचा शब्द होता ‘डिसअफेक्शन’. आम्ही त्याला ‘अप्रीती’ म्हणतो. स्ट्रॅचीसाहेबांनी ज्यूरीला समजावले की प्रीतीचा अभाव म्हणजे डिसअफेक्शन. द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारविषयीचा सगळा दुर्भाव त्यात आला. या हिशेबाने सरकारवर प्रेम न करणे हाच गुन्हा ठरतो. सरकारवर प्रेम करणारा माणूस मी तरी अद्याप पाहिलेला नाही. सरकारी नोकरही प्रेम करतात ते पगारावर. पण ज्यूरीने सहा विरुद्ध तीन असा कौल दिला आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

पुढच्याच वर्षी सरकारने कलम दुरुस्त करून त्याला एक स्पष्टीकरण जोडले: डिसअफेक्शनमध्ये निष्ठेचा अभाव आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात. म्हणजे पाहा, इंग्रजी कायद्यातला इंग्रजी शब्द, इंग्रज न्यायाधीशाने इंग्रजीत समजावलेला. तरी तो उलगडून सांगण्यासाठी कायदेमंडळाला बसावे लागले. आणि आम्हाला ऐकवतात की इंग्रजी शब्द नेमके असतात!

१९०८ साली दुसरा खटला झाला. या वेळी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख आरोपीच्या पिंजऱ्यात होते. न्यायमूर्ती दावर, १८९७ साली याच दावरांनी बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या जामिनासाठी वकिली केली होती. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. ज्या भाषेत अपराध झाला म्हणायचे ती भाषा न जाणणाऱ्यांच्या मतावर अपराध ठरायचा होता. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला. उच्च न्यायालयाच्या भाषांतरकाराची उलटतपासणी त्यांनी घेतली. भाषांतर विपर्यस्त आहे हे एकेक शब्द हातात धरून दाखवले. एकवीस तासांहून अधिक वेळ ते बोलले. त्या भाषणाला आपण देशभक्तीचे स्तोत्र म्हणून मान देतो, तो योग्यच आहे. पण माझ्यासारख्या भाषांतरकाराच्या कानाला त्यात दुसराही सूर ऐकू येतो. एक लेखक हात जोडून सांगतो आहे की, बाबांनो, मी हे म्हणालोच नाही. मी काय म्हणालो ते माझ्या भाषेत वाचा. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा कौल दिला. सहा वर्षे काळे पाणी. ती मंडालेला गेली.

आता तिसरी गोष्ट ऐका. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगर येथल्या होमरूलच्या मराठी भाषणांवरून टिळकांकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी भाषणे समग्र वाचली पाहिजेत, सुटी वाक्ये उचलून चालणार नाही, असे म्हणून तो हुकूम रद्द केला. वक्ता तोच, भाषा तीच, न्यायालयही तेच. शब्दांचा अर्थ मात्र बदलला.

हा अर्थ पुढेही बदलतच राहिला. १९४२ साली फेडरल कोर्टाने सांगितले की सार्वजनिक शांतता बिघडण्याचा संभव हा या गुन्ह्याचा गाभा आहे. १९४७ साली मुंबई इलाख्यातूनच गेलेल्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते खोडून काढले. १९६२ साली केदारनाथ सिंग यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेडरल कोर्टाची बाजू उचलली: शब्द कितीही कडक असोत, हिंसेला चिथावण्याचा किंवा अव्यवस्था माजवण्याचा हेतू अथवा कल त्यांत नसेल तर गुन्हा नाही. प्रीतीच्या अभावापासून हिंसेच्या चिथावणीपर्यंत ‘डिसअफेक्शन’ने पासष्ट वर्षांत एवढी मजल मारली. आणि आमची ‘अप्रीती’? ती १८९७ साली जेथे उभी होती तेथेच उभी आहे. इंग्रजी शब्दाबरोबर निकाल चालले, युक्तिवाद चालले, विद्वानांची पुस्तके चालली. मराठी शब्दाबरोबर कोणी चालले नाही.

याचा परिणाम पाहा. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ स्थगित ठेवले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ‘सेडिशन’ हा शब्द नाही. कलम १५२ भारताचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयी आहे. कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्यांनी या गुन्ह्याला एका शब्दाचे नाव दिलेले नाही. पण बोलणाऱ्यांना नाव लागते. संसदेत सांगण्यात आले की राजद्रोह गेला, आता देशद्रोह. वर्तमानपत्रांनी तोच शब्द उचलला. या दोन शब्दांतले अंतर कोणी मोजले आहे काय? ‘राजद्रोही’ ही मराठीत शिवी राहिलेली नाही. टिळकांनी तो शब्द अंगावर घेतला आणि त्याचे भूषण झाले. राजा परका असू शकतो, जुलमी असू शकतो. त्याचा द्रोह करणे हे पुण्यही ठरते. देशाचे तसे नाही. ‘देशद्रोही’ म्हटले की माणूस निकालाआधीच गेला. त्याला जामीन राहायला शेजारी पुढे येत नाही. सरकार म्हणजे देश नव्हे, सरकारवरची टीका म्हणजे राज्यावरचा घाला नव्हे, हे केदारनाथच्या निकालातले कष्टाने मिळवलेले अंतर एका मराठी शब्दाने पुसून टाकले. आणि तो शब्द कोणत्याही न्यायाधीशाने तपासलेला नाही. मला भय वाटते ते याचे.

यावर दोन बाजूंनी माझ्यावर हल्ला होणार हे मी जाणतो. पहिली फळी इंग्रजीवाल्यांची. ते म्हणतात, कायद्याला काटेकोर भाषा लागते. मराठी भावनेची भाषा. या गृहस्थांना मी ‘गुड फेथ’ हे त्यांचे लाडके शब्द दाखवतो. १८६० च्या दंडसंहितेप्रमाणे पुरेशी काळजी न घेता केलेली गोष्ट ‘गुड फेथ’ने केली असे म्हणताच येत नाही. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टप्रमाणे प्रामाणिकपणे केलेली गोष्ट, हयगय झाली असली तरी, ‘गुड फेथ’नेच केलेली. भाषा एक, शब्द तेच, सरकार तेच आणि अर्थ एकमेकांच्या विरुद्ध! ‘कल्पेबल होमिसाइड’ घ्या. स्कॉटलंडात त्याचा अर्थ खुनाहून हलका, वेगळा गुन्हा. आमच्या दंडसंहितेत ते सबंध कुळाचे नाव झाले आणि खून त्या कुळातली एक पोटजात. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे नाते स्पष्ट शब्दांत मांडले. तेव्हा काटेकोरपणा इंग्रजीच्या रक्तात नाही. तो दीडशे वर्षांच्या निकालांनी घासून घासून आणला आहे. मराठीला घासण्याची संधी न देता ‘तू बोथट आहेस’ म्हणणे हा कोठला न्याय?

दुसरी फळी आमच्याच लोकांची. कोश केला की भाषा झाली अशी त्यांची श्रद्धा आहे. १९६० साली भाषा संचालनालय निघाले, परिभाषा घडली, कायद्यांची भाषांतरे झाली. त्या कामाला मी नावे ठेवणार नाही. माझी भाकरी त्याच्यावर भाजली आहे. पण ‘कल्पेबल होमिसाइड’ला त्यांनी जे नाव दिले ते पाहा: ‘सदोष मनुष्यवध’. मराठी कानाला वध म्हणजे कंसाचा, कीचकाचा, अफझलखानाचा. दुष्टाला मिळालेली शिक्षा. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लोकांना कर्झन दिसू लागला आणि १९१० साली सरकारने ते नाटक बंद केले, ते उगाच नव्हे. आणि आज त्याच शब्दाने दारूच्या नशेत गाडी घालून माणूस मारणाऱ्यावर गुन्हा नोंदतात! माझ्या शेजाऱ्याने एकदा पेपर खाली ठेवून मला विचारले, “काय हो, सदोष मनुष्यवध खुनापेक्षा मोठा का?” शब्दाच्या भारदस्तपणामुळे त्याला तसे वाटले. दोष शब्द घडवणाऱ्याचा नाही. नवी चप्पल चावतेच; चार महिने घालून चालले की पायाच्या आकाराची होते. आमची ही चप्पल साठ वर्षे कपाटात पडून आहे.

जे शब्द वापरले गेले त्यांचे काय झाले तेही पाहा. ‘दखलपात्र’ आणि ‘अदखलपात्र’ हे शब्द पोलीस ठाण्याच्या पायरीवर झिजून इतके साफ झाले आहेत की तक्रार घेऊन जाणारा अडाणी माणूसही त्यांतला फरक ओळखतो. हिंदीतले ‘संज्ञेय’ त्यांच्यापुढे पोथीतले वाटते. ‘पंचनामा’ तर इंग्रजी निकालपत्रांत तसाच्या तसा जाऊन बसला. त्याचे भाषांतर करण्याची कोणाला गरज वाटली नाही. ‘बेनामी’ या शब्दाने १९८८ साली संसदेच्या इंग्रजी कायद्याच्या नावातच ठाण मांडले. पंचनामा फारसी वळणाचा की संस्कृत, याची चौकशी कोणी केली नाही. ज्या शब्दाने काम केले त्याच्यापुढे इंग्रजीही वाकली.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च व उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी ठेवली आहे, आणि राज्याच्या मराठी कायद्याचेही इंग्रजी भाषांतरच अधिकृत मानले आहे. मूळ मराठी, आणि प्रमाण भाषांतर! जगात मुलाच्या नावावरून बापाची ओळख सांगणारे घर विरळाच. १९७३ च्या कायद्याने केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतरांना अधिकृत पाठाचा मान दिला, पण शंका आली की सगळे इंग्रजीकडेच धावतात. महाराष्ट्राने १९९८ साली जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली. पण अपिलाची पायरी चढताच मराठीचे जोडे बाहेर काढून ठेवावे लागतात. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून यंत्राच्या साहाय्याने आपल्या निकालांची देशी भाषांत भाषांतरे करू लागले, ही चांगली गोष्ट. पण त्या भाषांतरांवर सूचना असते की हे पक्षकाराला समजण्यापुरते. अंमलबजावणीला इंग्रजी प्रतच प्रमाण. म्हणजे समजून घ्या मराठीत आणि भोगा इंग्रजीत.

‘मग बावीस भाषांत बावीस अर्थ करायचे काय?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर डाव जिंकल्याचे हसू असते. कॅनडाच्या संसदेचे कायदे इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन पाठांत असतात आणि दोन्ही पाठ सारख्याच अधिकाराचे. दोहोंत फरक दिसला तर न्यायाधीश दोन्ही समोर ठेवून समान अर्थ शोधतो. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषा चोवीस आहेत. तिथल्या न्यायालयाने १९८२ साली एका निकालात बजावले की अर्थ लावताना निरनिराळे भाषिक पाठ ताडून पाहिले पाहिजेत. तिथे आकाश कोसळले नाही. उलट दुसरा पाठ समोर असला की पहिल्यात लपलेली संदिग्धता उघडी पडते. दोन दिवे असले की सावली कमी होते.

माझे मागणे मोठे नाही. सर्वोच्च न्यायालय उद्या मराठीत बसावे असे मी म्हणत नाही. मी तीन गोष्टी मागतो. पहिली: ज्या शब्दावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून आहे तो साक्षीदाराचा किंवा आरोपीचा शब्द अपिलाच्या कागदांत मूळ मराठीत, देवनागरीत, भाषांतराच्या शेजारी छापलेला असावा. दुसरी: कायद्याचा मराठी पाठ आणि इंग्रजी पाठ यांत फरक निघाला तर त्याचा फायदा आरोपीला मिळावा, कारण गुन्हा करू नये म्हणून जो कायदा त्याने वाचायचा तो मराठीतच वाचणार. तिसरी: मराठी दप्तरावरच्या अपिलांत उच्च न्यायालयाला मराठीत चालण्याची आणि मराठीत निकाल देण्याची मुभा असावी. हे घटनाबाह्य नाही. ३४८ व्या अनुच्छेदातच राष्ट्रपतींच्या संमतीने तशी वाट ठेवली आहे, १९६३ च्या राजभाषा कायद्याने निकालांनाही ती मोकळी केली आहे, आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार या राज्यांनी हिंदीसाठी ती केव्हाच वापरली आहे. वाट आहे, तिच्यावर पाऊल टाकायला आम्हीच तयार नाही.

उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात टिळकांना शिक्षा सुनावली गेली तिथे आज त्यांचे शब्द संगमरवरावर कोरले आहेत. ते इंग्रजीत आहेत, कारण ते इंग्रजीतच उच्चारले गेले. न्यायालयाला दुसरी भाषा ऐकू येत नव्हती. मी तिथे गेलो की ते वाचतो आणि मान खाली घालतो. मग खिशातली त्या म्हातारीची साक्ष आठवते. “मारलं, मारलं, मारलं, आणि तो पडला.” टिळकांना निदान इंग्रजी येत होते. आपल्याविरुद्धचे भाषांतर चुकले आहे एवढे तरी त्यांना कळले. बांधावरच्या त्या तिसऱ्या आरोपीला ते कधीच कळले नसते.